पेप्टाइड घ्यायचं की नाही, हे ठरवण्याआधी

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा दुकानात आला. "ताई, इन्सुलिनच्या दहा सिरिंज द्या." त्याच्या घरात कोणालाच शुगर नाही हे मला पक्कं ठाऊक, त्यांची सगळी औषधं माझ्याकडूनच जातात. "कोणासाठी रे?" म्हटल्यावर त्याने खिशातून अंगठ्याएवढी काचेची वायल काढून काउंटरवर ठेवली. रबरी बूच, वर निळं झाकण, तळाला खडूच्या चुऱ्यासारखी पांढरी वडी. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘बीपीसी-१५७, ५ मिलिग्रॅम’ आणि त्याखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ. फक्त संशोधनासाठी, माणसांनी वापरण्यासाठी नाही, असं त्या ओळीत लिहिलं होतं.

त्याचा खांदा दुखत होता, म्हणून जिममधल्या सरांनी ती दिली होती. पहिले दोन डोस सरांनीच टोचले, पुढचे घरी घ्यायचे होते. "सप्लिमेंटच आहे ताई, प्रोटीनसारखं," तो म्हणाला. मग टी-शर्ट वर करून बेंबीच्या डाव्या बाजूला उठलेला रुपयाएवढा लाल चट्टा दाखवला आणि त्यावर लावायला काही मलम आहे का, तेही विचारलं.

नाशकात माझं मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. गेल्या दोन-तीन वर्षांत ‘पेप्टाइड’ हा शब्द काउंटरवर वरचेवर ऐकू येतो. कोणाला केसांसाठी हवं असतं, कोणाला गुडघ्यांसाठी, कोणाला लग्नाआधी चेहऱ्यासाठी, कोणाला पोट कमी करायला. प्रश्न सगळ्यांचा एकच, "घेतलं तर चालेल ना?" त्याचं उत्तर मी ज्या क्रमाने शोधते, तो क्रम इथे मांडते. क्रम सोडू नका. बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच उत्तर मिळतं आणि पुढचा खर्च वाचतो.

पायरी १ : नुसतं ‘पेप्टाइड’ नको, पूर्ण नाव विचारा

आपण वरण खाल्लं की त्यातल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिचा छोटा तुकडा, म्हणजे दोनपासून साधारण पन्नास मण्यांपर्यंतचा, त्याला पेप्टाइड म्हणतात. इतकंच. ग्लुटाथायोनमध्ये ३ मणी असतात. बाळंतपणात कळा येण्यासाठी देतात त्या ऑक्सिटोसिनमध्ये ९, इन्सुलिनमध्ये ५१. म्हणजे "पेप्टाइड सुरक्षित असतं का?" हा प्रश्न "गोळी सुरक्षित असते का?" असं विचारण्यासारखा आहे. कुठली गोळी, ते सांगा!

बाजारात या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू फिरतात. पहिली, खाण्याची पावडर : कोलॅजेन पेप्टाइड, हायड्रोलाइज्ड व्हे (आधीच तुकडे केलेलं दुधातलं प्रथिन). हे अन्न आहे. दुसरी, मंजूर औषधं : इन्सुलिन, हाडांच्या ठिसूळपणासाठीचं टेरिपॅराटाइड, मधुमेह आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, तिर्झेपाटाइड. ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. तिसरी, चेहऱ्याला लावायची क्रीम आणि सीरम. चौथी म्हणजे त्या मुलाच्या खिशातली : बीपीसी-१५७, टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, मेलानोटॅन-२. ही ना अन्न, ना मंजूर औषध. कोणत्याही सरकारी कार्यालयाने ती तपासून ‘द्यायला हरकत नाही’ असं म्हटलेलं नाही.

विकणारा चौथीतली वस्तू पहिलीच्या नावाने विकतो, इथेच सगळी गफलत होते. ‘सप्लिमेंट’ म्हटलं की माणसाच्या मनात च्यवनप्राश येतो, भीती निघून जाते. म्हणून नाव लिहून घ्या, आकड्यासकट. नाव सांगायला जो टाळाटाळ करतो, ‘स्पेशल ब्लेंड आहे’ म्हणतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

पायरी २ : तोंडाने की सुईने?

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी वाटणी ही आहे.

आपलं पोट पेप्टाइड तोडण्यासाठीच बनलेलं आहे. इन्सुलिन माणसांना १९२२ पासून दिलं जातंय, शंभर वर्षं उलटली, तरी गिळायची इन्सुलिनची गोळी अजून मेडिकलमध्ये नाही. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली, पण कशी ते बघा. पेप्टाइड पोटातून रक्तात जावं म्हणून तिच्यात खास एक मदतनीस रसायन घालावं लागतं. सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. एवढं करूनही रक्तात पोचतं ते सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी. म्हणूनच १४ मिलिग्रॅमची गोळी रोज घेतली तर आठवड्याचे ९८ मिलिग्रॅम होतात, आणि सुईने तेच औषध मधुमेहासाठी आठवड्याला अर्धा ते एक मिलिग्रॅम पुरतं. मोठ्या कंपनीला इतका खटाटोप करून एवढंच साधतं. मग ‘वजन घटवणारं पेप्टाइड, जिभेखाली चार थेंब’ असं कोणी विकत असेल, तर त्या थेंबांतलं रक्तात किती पोचणार याचा विचार तुम्हीच करा.

गिळलेलं पेप्टाइड बहुतेक वेळा पचून जातं. फायदा होत नाही, पण धोकाही त्या मानाने कमी. सुईचं तसं नाही. जिभेची चव, पोटातलं आम्ल, आतड्याचं अस्तर, यकृत, हे सगळे पहारेकरी सुई एका झटक्यात ओलांडते. वायलमध्ये जंतू असतील, जंतूंचं विष असेल, अर्धवट बनलेले चुकीचे तुकडे असतील, तर तेही पेप्टाइडबरोबर तुमच्या शरीरात जातात.

एक नियम लिहून ठेवा : टोचायची वस्तू ‘फूड सप्लिमेंट’ असूच शकत नाही. खाण्याचा परवाना खाण्यासाठी असतो. इंजेक्शन म्हटलं की ते औषध, आणि औषधाला औषधाचाच परवाना लागतो. कोणी ‘सप्लिमेंटचं इंजेक्शन’ म्हणालं, तर तिथेच थांबा.

पायरी ३ : डबा फिरवून मागची बाजू वाचा

खाण्याची पावडर असेल तर एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, १४ आकडी परवाना क्रमांक शोधा. नुसता छापलेला दिसला म्हणून पुढे जाऊ नका. एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर तो टाकून बघा. ज्या कंपनीचं नाव डब्यावर आहे तीच उघडते का, परवाना चालू आहे का, एवढं दोन मिनिटांत कळतं. मात्र त्या क्रमांकाचा अर्थ नीट समजून घ्या. कंपनीला खाद्यपदार्थ बनवण्याची किंवा विकण्याची परवानगी आहे, इतकाच तो अर्थ. ‘सुरकुत्या जातात’ हे सरकारने तपासलंय, असा तो अजिबात नाही.

एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना ठळक हवी. रोज किती घ्यायचं, त्याहून जास्त घेऊ नये आणि मुलांपासून लांब ठेवावं, हेही हवं. ही सूचना एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ‘संधिवात बरा करतो’ असा दावा, असे डबे मी स्वतः पाहिलेत. दोन्ही एकाच डब्यावर असतील तर डबा परत ठेवा.

मग रंगीत खूण बघा. कोलॅजेन गाय-म्हैस, डुक्कर किंवा माशाच्या कातडी-हाडांतून काढतात, म्हणून त्यावर तपकिरी त्रिकोण हवा. घरी पायांचं सूप केलं आणि ते थंड झाल्यावर थरथरायला लागलं, की ते जे थरथरतं ते जिलेटिन. कोलॅजेन पेप्टाइड म्हणजे त्याचेच आणखी बारीक तुकडे. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जैन आणि माळकरी घरांतल्या बायकांना ते माहीत नसतं, आणि कळलं की त्यांना फार वाईट वाटतं. ‘व्हेज कोलॅजेन’ लिहिलेल्या बहुतेक डब्यांत कोलॅजेन नसतंच. त्यात व्हिटॅमिन सी, अमिनो आम्लं आणि काही वनस्पतींचे अर्क असतात. ते वाईट आहे असं नाही, पण पैसे कशाचे देतोय ते माहीत असावं.

औषध असेल तर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, किंमत आणि चिठ्ठीवरच्या औषधाची ‘आरएक्स’ खूण हवी. परदेशातून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात परवाना क्रमांकही हवा. आणि बिल घ्या. बिलावर बॅच नंबर येतो. पुढे काही झालं तर तुमच्या हातात तेवढा एकच धागा असतो.

चौथ्या प्रकारच्या वायलवर यातलं काहीच नसतं. त्याऐवजी विकणारे एक प्रमाणपत्र दाखवतात : ‘शुद्धता ९९ टक्के’. त्या कागदाला भुलणारे शिकलेले लोकही पुष्कळ आहेत. ती चाचणी इतकंच सांगते, की नमुन्यात जे पेप्टाइड सापडलं त्यातलं ९९ टक्के एकाच प्रकारचं आहे. वायलमध्ये खरोखर ५ मिलिग्रॅम आहे का, ती निर्जंतुक आहे का, जंतूंच्या विषाची चाचणी झाली का, यातलं एकही उत्तर त्या आकड्यात नाही. आणि तपासलेला नमुना तुमच्याच बॅचचा होता कशावरून?

पायरी ४ : सिरिंजवरच्या रेघा

ही पायरी मी मुद्दाम वेगळी काढलीय, कारण इंटरनेटवरचे तक्ते परदेशात बनतात आणि आपल्याकडच्या सिरिंजा वेगळ्या असतात.

आपल्या मेडिकलमध्ये इन्सुलिनच्या दोन सिरिंजा मिळतात. लाल टोपीची यू-४०, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. केशरी टोपीची यू-१००, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. परदेशी तक्ता यू-१०० धरून चालतो. आता हिशेब करून बघा. वायलमध्ये ५ मिलिग्रॅम पावडर, त्यात २ मिलिलिटर पाणी. तक्ता म्हणतो ‘१० युनिट ओढा’. केशरी टोपीच्या सिरिंजवर १० म्हणजे ०.१ मिलिलिटर, त्यात २५० मायक्रोग्रॅम आले. लाल टोपीच्या सिरिंजवर तीच १० ची रेघ म्हणजे पाव मिलिलिटर, त्यात ६२५ मायक्रोग्रॅम. एकाच आकड्याला अडीचपट डोस. आणि दुकानात नुसतं ‘इन्सुलिनची सिरिंज’ मागणाऱ्याला कुठली मिळेल, हे त्या दिवशी काउंटरवर कोण उभं आहे आणि काय शिल्लक आहे, त्यावर असतं!

त्या मुलाने मला असाच तक्ता मोबाइलवर दाखवला. मी दोन्ही सिरिंजा त्याच्यासमोर ठेवल्या आणि साधं पाणी ओढून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

पाण्याचाही प्रश्न आहेच. इंजेक्शनसाठीचं साधं निर्जंतुक पाणी उघडलं की एकदाच वापरायचं असतं. त्यात जंतू रोखणारं काही नसतं. त्यात पावडर विरघळवून तीच वायल फ्रिजमध्ये भाजी आणि दुधाशेजारी ठेवायची आणि पंधरा दिवस तिच्यातून रोज ओढायचं, म्हणजे जंतूंना आवतण देण्यासारखं आहे. गळू होणं हा त्यातला त्यात हलका परिणाम. जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं.

हे सगळं वाचून ‘मग नीट हिशेब करून घेईन’ असं मनात आलं असेल, तर माझं म्हणणं अजून पोचलेलं नाही. मंजूर औषधाच्या पेनमध्ये हा हिशेब कंपनीने करून ठेवलेला असतो, कारण तो घरच्या ओट्यावर बसून करायचा नसतो.

पायरी ५ : उंदरांवर की माणसांवर?

बीपीसी-१५७ बद्दल ‘शेकडो अभ्यास झालेत’ असं सांगतात. झालेत, पण बहुतेक उंदरांवर. स्नायुबंध तोडलेल्या उंदरांची जखम लवकर भरली, हे खरं. माणसांवरचे अभ्यास बोटांवर मोजण्याइतके आणि अगदी थोड्या लोकांवर झालेत. वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, हे तपासलेलंच नाही. शिवाय उंदरांमध्ये ज्या गुणामुळे जखम भरते, तो म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटणं. शरीरात कुठे गाठ दबा धरून असेल तर तिलाही नव्या रक्तवाहिन्याच हव्या असतात. माणसांत तसं घडल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण घडत नाही असंही कोणी तपासून दाखवलेलं नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) बीपीसी-१५७, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन यांसारखी पेप्टाइड्स सुरक्षेबद्दल गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकली. तेव्हा दिलेली कारणं साधी होती : माणसांवरची माहिती अपुरी, तयार करताना राहणारी अशुद्धी आणि शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवण्याची भीती. २०२५ च्या जुलैत लास व्हेगासमध्ये दीर्घायुष्याच्या एका मेळाव्यात पेप्टाइडची इंजेक्शनं घेतलेल्या दोन स्त्रियांना अत्यवस्थ होऊन रुग्णालयात हलवावं लागलं. ‘एवढे लोक घेतात, कुठे काय होतं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगते.

खेळाडूंनी पुढचं जास्त लक्ष देऊन वाचावं. ऑस्ट्रेलियात एसेंडन नावाचा जुना फुटबॉल क्लब आहे. २०१२ च्या हंगामात त्याच्या खेळाडूंना इंजेक्शनांचा कार्यक्रम सुरू झाला. खेळाडूंनी विश्वासाने संमतीपत्रांवर सह्या केल्या. कोणाला नेमकं काय टोचलं, याची धड नोंदही क्लबकडे नव्हती. शेवटी थायमोसिन बीटा-४ या पेप्टाइडवरून क्रीडा लवादाने जानेवारी २०१६ मध्ये ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी घातली. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे चाललं नाही. ते कुठेच चालत नाही, कारण डोपिंगच्या नियमांत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते. बीपीसी-१५७ हे २०२२ पासून ‘वाडा’ या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन यांसारखी ग्रोथ हार्मोन वाढवणारी पेप्टाइड्सही आहेत. आपल्याकडे २०२२ चा राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा आहे. तालमीत घाम गाळणाऱ्या, कबड्डीच्या संघात जागा मिळवलेल्या पोराची चार-पाच वर्षांची मेहनत एका वायलपायी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६ : आता स्वतःकडे बघा

वस्तू चांगली असली, तरी ती तुम्हाला चालेल का हा वेगळा प्रश्न आहे. पुढच्यापैकी काही तुम्हाला लागू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

शुगर. २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या अनेकांना ते माहीतच नाही. ग्रोथ हार्मोन वाढवणारी पेप्टाइड्स साखर वाढवू शकतात, इन्सुलिनचा परिणाम कमी करू शकतात. त्यामुळे तिशीतल्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही मी आधी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करायला सांगते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह.

किडनी आणि मुतखडा. दहा ग्रॅम कोलॅजेन म्हणजे जवळजवळ तेवढंच प्रथिन. किडनीच्या आजारात प्रथिन मोजून घ्यावं लागतं. आणि कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सीप्रोलिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, त्यापासून शरीरात ऑक्झलेट तयार होतं. ज्यांना ऑक्झलेटचा खडा होऊन गेलाय, त्यांनी हे लक्षात ठेवावं. डब्यावर ते लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.

कॅन्सर झालेला असेल, उपचार चालू असतील किंवा एखाद्या गाठीची तपासणी बाकी असेल, तर वाढीला चालना देणाऱ्या कुठल्याही पेप्टाइडला हात लावू नका. घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, तर सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपाटाइड सुरू करण्याआधी डॉक्टरांना तो शब्द नेमका सांगा. नुसतं ‘थायरॉइड आहे’ म्हणू नका, साध्या थायरॉइडच्या गोळीवाल्यांची गोष्ट वेगळी असते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्तखडे असतील, तर तेही सांगा.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूल होऊ देण्याचं ठरवणाऱ्या स्त्रियांनी थांबावं. सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी बंद करायचं असतं. माशांची ॲलर्जी असेल तर ‘मरीन’ कोलॅजेन नको. अठराच्या आतल्या मुलांना डॉक्टरांनी दिल्याशिवाय यातलं काहीही नको, उंची वाढवायला तर नकोच. उंचीची खरी शंका असेल तर मुलाला हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या. हाडांची वाढ थांबली की वेळ हातची जाते.

कोलॅजेनबद्दल माझं मत

सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. तब्येतीने बऱ्या, वर सांगितलेलं काही नसलेल्या मोठ्या माणसाने चांगल्या कंपनीचं कोलॅजेन दिवसाला पाच-दहा ग्रॅम घेतलं, तर सहसा त्रास होत नाही. पोट फुगतं, तोंडाला वास राहतो, एवढंच. फायद्याचं म्हणाल तर २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र तपासणारा एक आढावा आला. सगळ्या एकत्र धरल्या तर त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारलेला दिसला. पण कंपन्यांच्या पैशावर न झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा तो फायदा दिसेनासा झाला. शिवाय कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे जेवणातल्या प्रथिनाची जागा ते घेऊ शकत नाही. घरखर्चातून पैसे वाचवून डबा नेणाऱ्या बाईला मी स्पष्ट सांगते, त्या पैशात महिनाभर अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे येतात. ऐपत आहे, हौस आहे, तर घ्या आणि तीन महिन्यांनी फरक दिसला नाही तर थांबवा.

गोरेपणाची ड्रिप मात्र घेऊ नका. ग्लुटाथायोन हे पेप्टाइडच आहे आणि लग्नसराई आली की मुलींच्या आया त्याची चौकशी करायला येतात. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने त्वचा उजळवण्यासाठी शिरेतून ते देण्याविरुद्ध २०११ मध्येच इशारा दिला होता, कारण यकृत, किडनी आणि त्वचेवरच्या गंभीर परिणामांची भीती होती. मुलगी सावळी आहे म्हणून तिच्या शिरेत सुई घालायची, हे मला बघवत नाही.

क्रीम-सीरमचं थोडक्यात : कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा, खाज-लाली नसेल तर चेहऱ्याला लावा. फाटलेल्या किंवा जळजळणाऱ्या त्वचेवर नको.

पायरी ७ : डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

‘पेप्टाइड घेऊ का?’ एवढंच विचारलंत तर डॉक्टर ‘नको’ म्हणतील आणि विषय संपेल. डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढून न्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. त्यात आयुर्वेदिक काढे, प्रोटीन पावडर आणि केसांच्या गोळ्याही येतात. अलीकडचे रिपोर्ट असतील तर एचबीएवनसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), यकृताच्या तपासण्या आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बरोबर ठेवा. आणि मूळ तक्रार सांगा. त्या मुलाचा खरा प्रश्न खांदा होता, पेप्टाइड नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी खांदा तपासला, सोनोग्राफी केली, सहा आठवडे फिजिओथेरपी दिली आणि डोक्यावरून वजन उचलणं बंद करायला लावलं. दिवाळीपर्यंत तो पुन्हा जिमला जायला लागला. दुसऱ्या.

डॉक्टर हो म्हणाले आणि तुम्ही सुरू केलंत, तर एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा. दोन एकदम सुरू केल्या आणि अंगावर पुरळ आलं, तर कशामुळे ते कोणालाच सांगता येत नाही. सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी पोट सावकाश रिकामं होतं, आणि भुलीच्या वेळी पोटात अन्न असणं धोक्याचं असतं.

आधीच घेतलं असेल तर

ओठ-जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर क्षणाचाही उशीर न करता १०८ ला फोन करा. टोचलेल्या जागी लाली पसरत गेली, गरम लागली, पू झाला किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीत जाणारी जोरात कळ, न थांबणाऱ्या उलट्या, डोळे पिवळे होणं, यांसाठीही थांबू नका. काय टोचलंय ते लाजेपोटी लपवू नका. डॉक्टरांना फक्त इलाज करायचा असतो.

वायल, डबा, सिरिंजचं पाकीट, पैसे पाठवल्याचा मेसेज, काहीही फेकू नका. औषधाचा दुष्परिणाम कळवायला देशभरासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. महाराष्ट्रात बनावट किंवा बिनपरवाना मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर करता येते. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असं नाही.

त्या मुलाच्या पोटावरच्या चट्ट्याबद्दलचा फॉर्म मी त्याच्यासमोरच बसून भरला. त्याचं वय, टोचल्याची तारीख, चट्ट्याचं माप, सगळं लिहून झालं. मग उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरी हे तीन रकाने आले. मी वायल दिव्यापाशी धरून चहूबाजूंनी फिरवली, त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघितलं. तिन्ही रकान्यांत ‘लेबलवर नाही’ असं लिहावं लागलं.